मुका मार

जळगाव विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझ्यापुढे एक कागदी पट्टी सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, इथे सही करा." पट्टीच्या वरच्या टोकाला भोक, भोकात रबर, आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरांत पाच-सहा ओळी. माझ्या मागे रांग होती. एका बाळाने रडून हॉल डोक्यावर घेतला होता. मी बँकेत करते तशी, देवनागरीत, नावाखाली एक रेघ ओढून सही केली. मुलीने ती पट्टी तंबोऱ्याच्या पेटीच्या मुठीला अडकवली आणि एका मुलाला हाक मारून पेटी बाजूच्या दाराने आत पाठवली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं, तरी ती सही मनातून जात नाही. वस्तू नाजूक आहे हे प्रवाशाला ठाऊक आहे आणि प्रवासात तिला काही झालं तर त्याची जबाबदारी प्रवाशाचीच, असं त्या ओळींत होतं. ते मी नंतर वाचलं. पट्टीचा उरलेला तुकडा अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तंबोरा बाईंचा. म्हणजे माझ्या गाण्याच्या बाईंचा. त्या भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायच्या, यजमान रेल्वेत. शाळा सुटली की मी दप्तर ओट्यावर टाकून थेट त्यांच्याकडे जायची. त्यांच्या पुढच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीशी, गोधडीच्या खोळीत, हा तंबोरा उभा असायचा. भुसावळचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी दाराची कडी हाताला चटका देते, लाकडी कपाटाची फळी आपोआप तडकल्याचा आवाज रात्री येतो. घराघरात कूलर घरघरत असतात. बाईंच्या मधल्या खोलीतही होता, पण पुढच्या खोलीत त्यांनी तो कधी येऊ दिला नाही. "आपल्याला गार वाटतं गं, पण त्याचं पोट कोरडंच बरं. एकदा ओलं, एकदा कोरडं असं झालं की लाकूड कंटाळतं," असं त्या म्हणायच्या. चाळीस मिनिटांच्या शिकवणीत आम्ही पोरी घामाने निथळायचो आणि तंबोरा आपल्या गोधडीतून निघून आमच्याहून शांतपणे सुरात लागायचा.

बाईंनी तो १९७६ साली मिरजेहून आणला होता. पुण्याला गाडी बदलून, मनमाडला पुन्हा बदलून, पूर्ण प्रवासभर मांडीवर भोपळा आणि खांद्याला दांडी टेकवून. मनमाडच्या फलाटावर रात्री दोन वाजता एका हमालाने उचलू का विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला हात लावू दिला नाही, पण बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपली वळकटी उचलायला दिली. गाडीत झोप येईल या भीतीने खोळीची नाडी त्यांनी मनगटाला बांधली होती. ही गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी नाडी बांधल्याचं सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जायचा.

आणि मी तो एका सहीवर देऊन टाकला.

विमानानेच का नेला, हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला. मुलगी हैदराबादला असते. तिच्या सोसायटीत चैत्रात एक छोटी बैठक ठरली होती, मराठी मंडळी, पन्नासेक माणसं. जळगावहून हैदराबादला आता थेट विमान आहे. नाहीतर मनमाड गाठायचं, अजंठा एक्सप्रेस पकडायची, रात्र काढायची. माझे गुडघे आता रात्रीच्या गाडीला भितात. मुलगी म्हणाली, "आई, दीड-दोन तासात पोचशील." आणि मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. आपल्या गावाहून विमान उडतं, त्यात बसून आपण गायला जातोय, बाईंचा तंबोरा सोबत आहे. बाईंना किती अप्रूप वाटलं असतं, असंही मनात येऊन गेलं. पेटी घरात होती. काळी फायबरची, आतून लाल मखमल, दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली. तिच्यात मी तंबोरा ठेवला, दोन टॉवेल खोचले, झाकण लावलं. कडी नीट बसली म्हणून समाधान वाटलं.

आतमध्ये नेता येईल का, असं मी काउंटरवर विचारलं होतं. मुलगी मनापासून हळहळली. आपल्याकडे येतात ती विमानं लहान, पंख्यांची, सत्तर-बहात्तर माणसांची. डोक्यावरच्या कप्प्यात नेहमीची चाकांची बॅगसुद्धा नीट जात नाही, तिथे साडेचार फुटी तंबोरा कुठला जायला? जादा सीट घेऊन वाद्य शेजारी बसवायची सोय काही कंपन्या देतात, पण ते तिकीट काढतानाच फोन करून ठरवावं लागतं, मापं कळवावी लागतात, खिडकीची जागा घ्यावी लागते, म्हणजे अडचणीच्या वेळी कुणाची वाट अडत नाही. हेही मला नंतर कळलं. या सगळ्या प्रकरणात माझं बहुतेक शहाणपण नंतरचंच आहे.

त्या विमानात माणसं शेपटीकडच्या दाराने चढतात आणि सामान चढवायचं मोठं दार पुढे, पंखांच्याही पुढे असतं. त्यामुळे आम्ही उन्हातून मागच्या शिडीकडे चालत होतो आणि सामानाची गाडी पुढे उभी होती. एप्रिलची सकाळ, साडेदहा-अकराचं ऊन. डांबरावरून वाफ उठताना दिसत होती. बॅगांच्या ढिगावर सगळ्यात वर माझी काळी पेटी. मी शिडीच्या पायरीवर थांबले, मागच्याने "चला ना काकू" म्हटलं, तरी थांबले. त्या मुलाने पेटी उचलली ती दोन्ही हातांनी, छातीशी धरून, लहान मूल उचलावं तशी. हे मी स्वतः पाहिलं. तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन बसल्यावर डोळे मिटले. मधल्या वेळात काय झालं, कुठे झालं, हे मला कधीच कळणार नाही. पण त्या मुलाचा दोष नाही हे मला ठाऊक आहे, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते.

हैदराबादला पेटी आली ती धड. एक ओरखडा नाही, कडी जागेवर, पट्टी मुठीला लोंबतेय. मुलीच्या घरी दिवाणखान्यात उघडली. तंबोरा लाल मखमलीत होता तसाच. मी भोपळ्यावरून हात फिरवला, दांडीवरून फिरवला, खुंट्या पाहिल्या. जावयांनी फोटो काढला. चहा झाला. मग मी मांडी घालून बसले आणि तारा लावायला घेतल्या. पंचम लागला. जोड लागली, दोन्ही तारा एकमेकींत विरघळल्या. खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची, पितळी तार छेडली आणि तिच्यामागून काहीतरी आलं. करकर म्हणावी तर तितकी मोठी नाही. घसा बसलेल्या माणसाने हलकेच खाकरावं तसं. मला वाटलं जव्हारीचं, तारेखालचं सूत सरकलं. ते नीट केलं. पुन्हा तेच. तारा टेकतात ती घोडी पाहिली, सूर बारीक जुळवायचे मणी पाहिले. शेवटी मुलीने मोबाइलचा उजेड धरला आणि भोपळा जिथे गळ्याला मिळतो तिथे, पॉलिशच्या खाली, एक रेघ दिसली. केसाएवढी. बोटाला लागत नव्हती. तार छेडली की ती रेघ आतल्या आत घासत होती, आणि तोच तो खाकरण्याचा आवाज.

मी त्या रात्री जेवले नाही असं मुलगी म्हणते. मला आठवत नाही.

बैठक मी मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर केली. चांगली झाली, लोकांनी दाद दिली. सूर एकदम पक्का, कुठे उतरत नाही, चढत नाही, एसीने फरक पडत नाही. या यंत्रांच्या विरोधात मी नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी स्वतःच ते घ्यायला लावते, कारण दोन खोल्यांच्या घरात तंबोरा ठेवणार कुठे? पण त्या दिवशी गाताना मला सारखं वाटत होतं, की माझ्या पाठीमागे कुणी बसलेलं नाही. खऱ्या तंबोऱ्यासोबत गाताना आपण त्याला सांभाळत असतो. दर दहा मिनिटांनी खुंटीकडे हात जातो, कान एका बाजूने सतत त्याच्याकडे असतो. त्या सांभाळण्यातच गाणं होत असतं की काय, असं मला वाटत आलंय. मोबाइलला सांभाळावं लागत नाही, त्याची बॅटरी तेवढी पाहायची.

तक्रार करायची असा जावयांचा आग्रह. त्यांनी सगळं शोधून काढलं. देशातल्या प्रवासात सामानाच्या नुकसानीपोटी प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपये मिळतात, त्याहून किमती वस्तू असेल तर आधी जाहीर करून जादा पैसे भरावे लागतात. आणि मी तर पट्टीवर सही केलेली. फॉर्मवर एक रकाना होता, वस्तूची किंमत. मी तिथे अडले. १९७६ मध्ये बाईंनी दिले ते पैसे लिहायचे? आज मिरजेत तसा घ्यायला गेलं तर जे पडतील ते लिहायचे? बाईंच्या अंगठ्याने दांडीच्या एका जागी पॉलिश झिजून खालचं लाकूड मऊ, तांबूस झालंय. माझ्या हाताची मधली बोटं बरोबर त्याच्या समोर येतात. ते कशात धरायचं? फॉर्म मी भरला नाही. जावई नाराज झाले, आणि त्यांचं बरोबर होतं. आपण तक्रार करत नाही म्हणून नियम बदलत नाहीत, असं ते म्हणाले. अमेरिकेत २०१२ सालच्या कायद्याने, विमानात जागा असेल आणि वाद्य त्या जागेत मावत असेल तर ते सोबत आत नेऊ द्यावं लागतं. तिथल्या वादकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला म्हणून ते झालं. आपल्याकडे एवढे गाणारे-वाजवणारे, आणि वाद्य म्हणजे अजून नुसतं लगेज.

मोठ्या माणसांचीही यातून सुटका नाही. २०१४ मध्ये अमजद अली खाँसाहेब लंडनहून दिल्लीला परतले आणि सरोद आलंच नाही. काही दिवसांनी सापडलं. २०१८ मध्ये सतारवादक शुभेंद्र राव न्यूयॉर्कला पोचले आणि पेटीतून फुटलेली सतार निघाली. अशा बातम्या मी पूर्वी वाचल्या होत्या, अरेरे म्हटलं होतं, आणि पान उलटलं होतं. आता वाचताना पेटी उघडण्याच्या त्या क्षणापाशी माझा श्वास अडकतो.

परतताना विमानाचं तिकीट रद्द केलं. तंबोरा घेऊन रात्रभर अजंठा एक्सप्रेसने मनमाडला आले, तिथून जळगाव. खालच्या बर्थवर तो भिंतीकडे आणि मी कडेला, पाय आखडून. गुडघ्यांनी महिनाभर त्याची आठवण करून दिली.

मे महिन्यात महाराष्ट्र एक्सप्रेसने मिरजेला गेले. ही गाडी आमच्याकडून थेट जाते, बाईंना बदलाव्या लागल्या तशा गाड्या बदलाव्या लागत नाहीत. मिरजेच्या त्या गल्लीत शिरलं की आधी वास येतो, लाकडाच्या भुशाचा, लाखेचा, आणि गरम सरसाचा किंचित उग्र वास. भिंतीशी भोपळे रचलेले असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, कडू जातीचे, वाळून खणखणीत झालेले. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास इथे तंतुवाद्यं करायला घेतली आणि तो हात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी ज्यांच्याकडे गेले ते चाचा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी चष्मा लावला नाही, उजेड मागितला नाही. भोपळा मांडीवर घेऊन मधल्या बोटाने टिचक्या मारत सगळीकडे फिरले. टण, टण, टण, आणि गळ्यापाशी आल्यावर टद्द. मी रेघ दाखवायला वाकले तर म्हणाले, "दिसतीय ती एक. दुसरी इथं हाय." आणि बोट दोन इंच खाली ठेवलं. तिथे मला काहीच दिसत नव्हतं.

विमानातल्या हवेने झालं का, असं मी विचारलं, कारण उंचावर हवा विरळ असते, तिथे वाद्य तडकतं असं कुणीतरी सांगितलं होतं. चाचा मानेनेच नाही म्हणाले. माणसं बसतात आणि सामान ठेवतात त्या दोन्हीकडे हवेचा दाब सारखाच राखतात, हे त्यांना त्यांच्या गिऱ्हाइकांनी केव्हाच सांगितलेलं. हवा कोरडी असते, पण दीड तासात कोरडेपणा एवढं करत नाही; सात समुद्रापलीकडे जाणाऱ्या वाद्याला तो बाधतो. हे धक्क्याचं काम होतं, आणि धक्क्याआधी उन्हाचं. काळी पेटी उन्हात अर्धा तास ठेवली की आत भट्टी होते. उष्णतेने सरस नरम पडतो, सांधे सैल होतात, आणि तशात पेटी जराशी जोरात टेकली की सगळा भार गळ्यावर. वर तारा मी सुरात लागलेल्याच ठेवल्या होत्या, म्हणजे दांडी आधीच ताणलेली. तारा उतरवायच्या होत्या, दोन-तीन स्वर तरी. अगदी लुळ्या सोडायच्या नाहीत, कारण वर्षानुवर्षांचा ताण एकदम गेला तरी दांडी रुसते. तारांखाली मऊ फडकं घालायचं होतं. मणी काढून पुडीत बांधायचे होते. आणि टॉवेल, ते तर चाचांनी हातात घेऊन दाबले आणि परत माझ्या हातात दिले, काही बोलले नाहीत. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. बारीक भुसा सरसात कालवून फटीत भरला, वरून सुतळीने करकचून बांधून ठेवला, मग घासून लाख. त्यांनी विचारलं, रेघ अगदी मिटवून टाकू का. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मला तेव्हाही सांगता आलं नाही. बाईंच्या वस्तूवर माझी खूण राहू नये असं वाटायला हवं होतं खरं तर.

आता पुढचा भाग रावेरचा. माझा मामेभाऊ तिकडे केळी करतो. त्याच्या शेताच्या कडेला पॅकिंगची शेड आहे, तिथून माल बॉक्समध्ये भरून बाहेर जातो, थोडा आखाताकडेही. पावसाळा संपता संपता मी त्याच्याकडे गेले होते, तंबोरा सोबत, कारण त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मामीला, तो बघायचा होता. मामीला दिसत नाही, तिने हाताने पाहिला. गळ्यापाशी तिचं बोट थांबलं आणि तिने विचारलं, "याले काय व्हयलं?" मग मी सगळी गोष्ट सांगितली. मामेभाऊ खाटेवर बसून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मुका मार हाय हा, ताई. केयीले लागला ना, तं आज नही दिसत. चार दिस जाऊ दे, पिकाले लागली का काया डाग पडतो. मंग कोनी मारलं ते इचारून काय फायदा?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतके महिने मी जे शब्दांत धरू पाहत होते ते त्याने चार वाक्यांत माझ्यापुढे ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला शेडमध्ये घेऊन गेला. लहानपणी मी सावद्याच्या स्टेशनवर केळीच्या वॅगन भरताना पाहिल्या आहेत. खाली ओली पानं अंथरायची, बाजूने पानं लावायची, आणि घड उभे रचायचे. तेव्हा तो हिरवा, चिकाचा वास आणि मजुरांच्या चिकाने काळ्या झालेल्या सदऱ्यांपलीकडे मला काही दिसलं नव्हतं. आता पाहिलं ते वेगळ्या डोळ्यांनी. झाडावरून कापलेला घड जमिनीला टेकवायचा नाही, एकदाही नाही. मजुराच्या खांद्यावर गादी असते, घड त्या गादीवर येतो आणि तिथून थेट टांगला जातो. मग फण्या वेगळ्या करायच्या, पाण्यातून काढायच्या, आणि बॉक्समध्ये लावताना फणीची पाठ वर, दोन फण्यांच्या मध्ये फोमचा कागद. तेरा किलोंचा बॉक्स, आणि त्यात एकही केळं दुसऱ्यावर घासता कामा नये. एक बाई हे काम करत होती, माझ्याच वयाची. तिचे हात इतके भराभर चालत होते आणि तरी इतके हळू होते की मी कितीतरी वेळ उभी राहिले. बॉक्स भरल्यावर ती तो दोन्ही हातांनी धरून किंचित हलवायची आणि मान एका बाजूला कलती करायची. मी विचारलं, काय ऐकता? म्हणाली, "आतमधी हाललं का ते." हललं तर उघडून पुन्हा भरायचा. आमच्याकडच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात शेतकऱ्यांचे फोटो आले होते. या कान लावणाऱ्या बाईचा फोटो मी कुठे पाहिला नव्हता.

मामेभावाने माझी पेटी उघडी करून शेडच्या टेबलावर ठेवली. मऊ स्पंज काढून टाकला. "मऊ मऊ काय कामाचं, ते दबून जातं आन् मार खालीच लागतो," असं त्याचं म्हणणं. भोपळ्याखाली त्याने दाट फोमचा कडेवर घेतल्यासारखा खळगा कापला, पण भोपळ्याच्या बुडाशी मुद्दाम बोटभर जागा मोकळी ठेवली. भार सगळा दांडीवर आणि खांद्यांवर घेतला. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी उशा. दांडीच्या वरच्या टोकाला ठोकळा, म्हणजे पेटी उभी आदळली तरी तंबोरा घसरणार नाही. या पेटीबाहेर आणखी एक पुठ्ठ्याचा मोठा बॉक्स, मध्ये चारही बाजूंनी चुरगाळलेला कागद ठासून. त्या बाईने भरायला मदत केली. तिला तंबोरा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. वाजवून दाखव म्हणाली, मी तिथेच बॉक्सच्या थप्पीवर बसून वाजवून दाखवला. दहा-बारा माणसं हात थांबवून उभी होती. मग तारा उतरवल्या, फडकं घातलं, मणी पुडीत बांधले, आणि तिने बॉक्स धरून हलवला, मान कलती केली. दोनदा उघडून पुन्हा भरायला लावलं. तिसऱ्यांदा काही न बोलता बॉक्सवरून हात काढून घेतले.

जानेवारीत मी पुन्हा हैदराबादला गेले. विमानानेच. रेल्वेने जाऊ की नको, तंबोरा नेऊ की नको, यात दोन महिने गेले. मुलगी म्हणाली, घरीच राहू दे, मोबाइल आहे ना. ती काळजीने म्हणत होती. पण एप्रिलपासून मी तंबोरा बैठकीसाठी घराबाहेर काढायला भीत होते, आणि न वाजलेल्या वाद्याचा आवाजही हळूहळू मिटत जातो, हे चाचांनीही सांगितलं होतं आणि बाईंनीही. जादा सीटसाठी फोन केला. त्या लहान विमानात मापात बसत नव्हता. विमा आधी उतरवला. पेटीचे, तंबोऱ्याचे आतून-बाहेरून फोटो काढले, तारखेसकट. बॉक्सवर पांढरी चादर शिवून घेतली, उन्हासाठी, थंडी असली तरी. काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिने पट्टी पुढे केली. मी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या, मागच्या रांगेची माफी मागून. त्या वाचूनही सही करावीच लागते. मी केली, नावाखाली रेघ ओढून.

त्या रात्री मुलीच्या घरी दोन तास बॉक्स तसाच ठेवला, खोलीची हवा त्याला लागू दिली. मग उघडला, मणी ओवले, तारा हळूहळू चढवल्या. पंचम, जोड, जोड. खर्ज छेडला आणि तो स्वच्छ बोलला. पुन्हा छेडला. जावई टाळी वाजवायला निघाले होते, मी हाताने थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पुन्हा छेडला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "आई, लागलाय ना नीट? आता काय ऐकतेस?" मी मान कलती करून भोपळ्याला कान लावला होता. तिला हातानेच थांब म्हटलं आणि पुन्हा एकदा तार छेडली.